कम्प्रेशन पुन्हा पुन्हा पडतंय? इंजिन खोलण्याआधी गेजचा काटा नीट वाचा

जुनी मारुती ८००, झेन किंवा पद्मिनी अजून जपून वापरणाऱ्यांकडून दर पावसाळ्यानंतर एकच तक्रार ऐकू येते. गाडी आयडलिंगला थरथरते, मध्येच मिसिंग मारते, आणि चोर्ला घाटात जी चढण तिसऱ्या गियरवर निघायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. गॅरेजमध्ये नेली की मेस्त्री कम्प्रेशन गेज, म्हणजे पिस्टनने सिलिंडरात हवा किती दाबली ते मोजणारा काटा, लावतो, एका सिलिंडरचा आकडा कमी येतो आणि निकाल लागतो, "कम्प्रेशन गेलंय, इंजिन बांधावं लागेल." मग पिस्टनच्या रिंगा बदलल्या जातात किंवा हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले जातात. काही महिने गाडी बरी चालते. पुढची गणेशचवथ होऊन गेली की थरथर परत हजर.

आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि ओळखीपाळखीतल्या बऱ्याच माझ्याकडे तपासायला येतात. त्यातून माझं ठाम मत झालंय की यातली निम्मीशिम्मी इंजिनं उगाच खोलली जातात, आणि जी खोलायला हवी होती ती चुकीच्या जागी दुरुस्त होतात. गेज एवढंच सांगतो की या सिलिंडरमधून हवा निसटतेय. ती रिंगांच्या कडेने खाली ऑईलकडे जाते, इनटेक व्हॉल्व्हमधून जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जाते की हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या हेड गॅस्केटमधून, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. वाट शोधायची राहून गेली की खर्च होतो आणि दुखणं राहतं. आणि वाट सापडली तरी ती का उघडली हे शोधलं नाही, तर ती पुन्हा उघडणारच.

आधी हे बघा की दुखणं कम्प्रेशनचंच आहे का. आपल्याकडच्या दमट हवेत प्लगच्या जुन्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप यांचा वाटा फार मोठा असतो. रात्री अंधारात, पाऊस पडून गेल्यावर, गाडी चालू ठेवून बोनेट उघडा. वायरींवर निळ्या बारीक ठिणग्या सरपटताना दिसल्या तर गेज बाजूला ठेवा आणि वायरी बदला. ज्या सिलिंडरवर संशय आहे त्याचा प्लग शेजारच्यात घालून बघा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर सिलिंडर निर्दोष आहे. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या वाकवून बघा, तडे गेलेली नळी आयडलिंगला हुबेहूब कम्प्रेशन गेल्यासारखी थरथर देते. हे सगळं ठीक निघालं, तरच पुढे.

टेस्ट घ्यायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण आकडा बहुतेक वेळा इथेच बिघडतो. इंजिन गरम हवं, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबलेला हवा. सगळे प्लग काढायचे, फक्त तपासायचा तेवढाच काढून चालत नाही, कारण बाकीच्या सिलिंडरांचा दाब सेल्फला मंद करतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर रसरशीत गरम असताना प्लगवर जोर करू नका. पाव फेरा सैल करा, भोवतीची माती फुंकून काढा, जरा निवू द्या, मग काढा. इग्निशन कॉइलची बारीक वायर सोडवून ठेवा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी, गाडी असेल तर इंजेक्टरचे कनेक्टर किंवा पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, नाहीतर उघड्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडतो. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. आणि सेल्फ मारताना आत बसलेल्या माणसाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, चोक पूर्ण उघडा ठेवायचा. थ्रॉटल बंद राहिला तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि सगळे आकडे एकसारखे खाली येतात. "सगळीच सिलिंडर गेली" असा निकाल मिळालेल्या गाड्यांत मी सगळ्यात आधी हीच गोष्ट विचारतो, की सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय होता का.

गेजबद्दलही थोडं. प्लगच्या भोकात हाताने दाबून धरायचा रबरी टोकाचा गेज हात हलला की हवा सोडतो. आटे असलेला, नळी फिरवून बसवायचा गेज घ्या. त्या नळीच्या टोकाला टायरच्या व्हॉल्व्हपिनसारखी पिन असते. ती खराब झाली की कुणीतरी पंक्चरवाल्याकडची साधी पिन बसवून देतो. दिसायला तीच, पण टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खर्च होतो आणि गेज कायम कमी दाखवतो. उसना गेज आणलात तर आधी एखाद्या ठणठणीत गाडीवर लावून बघा.

गोव्यातले बरेच जण इंजिनाच्या कामाला बेळगावला जातात, तिथे लेथची कामं चांगली होतात म्हणून. पण तिथला आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, हवा विरळ. त्याच गाडीचा त्याच गेजवरचा आकडा तिथे साधारण आठ टक्के कमी येतो. इथे १६० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवणारं सिलिंडर तिथे १४७-१४८ दाखवेल आणि इंजिनात काहीही बिघडलेलं नसेल.

आता काटा वाचायचा कसा. प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच झटके द्यायचे, पाच किंवा सहा. शेवटचा आकडा लिहाच, पण पहिल्या झटक्याला काटा कुठे गेला तेही लिहा. तंदुरुस्त सिलिंडरचा काटा पहिल्याच झटक्याला निम्म्याच्या वर उडी मारतो आणि पुढच्या तीन-चार झटक्यांत वर जाऊन टेकतो. रिंगा झिजल्या असतील तर पहिली उडी छोटी, मग दर झटक्याला थोडा थोडा वर सरकत राहतो आणि तरी पूर्ण पोचत नाही. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळत असेल तर पहिली उडी छोटी आणि पुढेही फारशी वाढ नाही, काटा तिथेच अडखळतो. मोबाईलवर गेजचा व्हिडिओ काढून ठेवा, नंतर सावकाश बघता येतो.

अपेक्षित आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, कारण तो इंजिनाच्या बनावटीवर ठरतो. पद्मिनीचा कम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते, ८०० पेक्षा कमी, त्यामुळे तिचा चांगला आकडाही ८०० च्या चांगल्या आकड्यापेक्षा कमीच दिसणार. जुन्या इंजिनात मला मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्त सिलिंडरच्या पंचाहत्तर टक्क्यांखाली गेलं की काम काढायला हवं, हा जुना सैल नियम. छोट्या जपानी बनावटीच्या इंजिनांत परवानगी याहून कडक असते, दोन सिलिंडरांत साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलोचा फरक, म्हणजे १४ पीएसआय. समजा ८०० चे तीन आकडे १६५, १६० आणि ११० आले. तिसरं सिलिंडर गळतंय यात शंका नाही. पण रिंगा मागवायला इतक्यात जाऊ नका.

पुढची पायरी ऑईलची. प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑईल सोडायचं, सेल्फ एक-दोनदा फिरवून पसरवायचं आणि पुन्हा गेज लावायचा. ऑईल रिंगांभोवती बसून तात्पुरती फट बुजवतं, म्हणून आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे सगळे सांगतात. जे सहसा सांगितलं जात नाही ते असं, की "चमचाभर ऑईल" हे माप मोठ्या इंजिनाचं आहे. ८०० चं एक सिलिंडर सुमारे २६५ सीसीचं, आणि पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा जेमतेम ३४ सीसी. त्यात ५ मिली ऑईल ओतलंत की जागा २९ वर येते, कम्प्रेशन रेशो ८.७ वरून १० वर जातो, आणि रिंगा उत्तम असल्या तरी काटा चांगला वर चढतो. मग चांगल्या रिंगांवर खापर फुटतं. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून २ मिली घाला, आणि तेवढंच चांगल्या सिलिंडरांतही घाला. चांगली सात-आठ पीएसआयने वाढली आणि आजारी सिलिंडर ११० वरून १४५ ला गेलं, तर रिंगा समजा. तेही ११० वरून ११८ ला गेलं, तर रिंगांना हात लावू नका.

माझा सगळ्यात जास्त भरवसा हवेच्या तपासणीवर आहे, आणि ती पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवरही होते. गळणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन कम्प्रेशन स्ट्रोकला अगदी वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची. गाडी टॉप गियरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे, कारण हवा सोडल्यावर पिस्टन खाली ढकलला जाऊन इंजिन फिरू शकतं. पंख्याजवळ आणि बेल्टजवळ हात नको. गेजच्या नळीतली पिन काढून त्यातून हवा सोडा, हळूहळू दाब वाढवा आणि कान लावा. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी सूं ऐकू आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या नळीत आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑईल भरायच्या झाकणातून आलं तर रिंगा. थोडीशी हवा तिथून नव्या इंजिनातही येते, म्हणून चांगल्या सिलिंडरशी तुलना करा. रेडिएटरचं झाकण आधीच, इंजिन निवलेलं असताना, काढून ठेवा. पाण्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट फुटलंय, त्यात वादच नाही.

आता परत परत होणाऱ्या दुखण्यांकडे येऊ.

दोन शेजारच्या सिलिंडरांचे आकडे एकत्र पडणं आणि गॅस्केट बदलल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तेच होणं, हा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिलाय. साखळीच्या माझ्या मावसभावाची ८०० अशीच होती. दुसरं आणि तिसरं सिलिंडर ८० च्या आसपास, पहिलं १६०. गॅस्केट आधीच्या वर्षी बदललेलं, हेडचं फेसिंगही (मशीनवर सपाट करणं) झालेलं. हेड उतरवून खिडकीपाशी नेलं, जुन्या गॅस्केटचा थर काढून रॉकेलने धुतलं आणि उजेडात तिरकं धरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पाण्याच्या भोकाची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली होती, पांढुरके खड्डे, नख फिरवलं की अडकणारे. फेसिंगने पृष्ठभाग सपाट झाला होता, पण खड्डे फेसिंगपेक्षा खोल होते. गॅस्केटला तिथे धरायला जागाच नव्हती.

ते खड्डे पडले पाण्याने. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घरच्या विहिरीचं पाणी, कूलंट कधीच नाही. त्यात "आपल्या गोव्यात एवढी गरमी, थर्मोस्टॅट कशाला" म्हणून तो कुणीतरी काढून टाकलेला, आणि रेडिएटरच्या तळाशी तांबड्या गाळाचा थर. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला साधं पाणी आतून खात राहतं, कूलंटमधलं गंजरोधक रसायन तेच थांबवतं. गाळाने रेडिएटर अर्धा बुजला की चढणीला इंजिन तापतं, तापलं की हेड वाकतं, वाकलं की गॅस्केट फुटतं. नवं गॅस्केट म्हणजे या साखळीतली फक्त शेवटची कडी बदलली. त्या हेडला लेथवाल्याकडून आर्गन वेल्डिंगने खड्डे भरून घेतले, मग फेसिंग केलं, रेडिएटर खोलून साफ केला, थर्मोस्टॅट परत बसवला, पंख्याचा थर्मो स्विच बदलला आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरला. तिन्ही आकडे जवळजवळ आले आणि तिथेच टिकले.

हेड बसवतानाच्या दोन गोष्टींवर तुम्ही स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून फिलर गेजची पाती घालायला सांगा. छोट्या अ‍ॅल्युमिनियम हेडला ०.०५ मिमीची पाती शिरली की फेसिंग हवं. हीच पट्टी ब्लॉकवरही ठेवायला लावा, ते सहसा कुणी करत नाही. दुसरं, ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी हवीत. तळाशी ऑईल किंवा पाणी साचलेलं असलं की बोल्ट त्यावर टेकतो, टॉर्क पाना "झालं" म्हणून टक वाजवतो आणि हेड मात्र सैलच राहतं. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले जायला हवेत.

एकच सिलिंडर पडतं, टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातली फट) सेट केले की सुधारतं आणि पुन्हा पडतं, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो ती कड, बघा. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो तसा तो वर सरकतो, टॅपेटची फट कमी कमी होत जाते आणि एक दिवस शून्य होते. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, जळत राहतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होणारे पुष्कळ भेटतात. मला किंचित कटकट करणारा टॅपेट आवडतो, गप्प झालेला नाही. अ‍ॅम्बॅसॅडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनासारख्या ओतीव लोखंडी हेडमध्ये हे जास्त दिसतं, कारण ती शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली, आणि देशभर ते पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिसं त्या सीटला एक प्रकारचं संरक्षण द्यायचं. एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांतही हाच त्रास. यावर दर वेळी टॅपेट सेट करणं किंवा व्हॉल्व्ह घासणं हा इलाज नाही, कडक सीट इन्सर्ट बसवून घ्यायला हवेत. दर सर्व्हिसला टॅपेटची फट लिहून ठेवलीत तर कोणता व्हॉल्व्ह रुततोय ते हेड न उतरवता कळतं.

रिंगा नव्या घालूनही कम्प्रेशन पडलं, तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) होन केला होता का, म्हणजे दगडाने बारीक खरवडून घेतला होता का, हे विचारा. गुळगुळीत चकाकलेल्या बोअरवर नव्या रिंगा कधीच बसत नाहीत. बोअर वरच्या बाजूला जास्त झिजलेला असेल तर तिथे कडा तयार होते आणि ती नव्या वरच्या रिंगेला ठोकते. बोअर मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा बदलायला मी कुणालाच सांगत नाही.

बोटीवर गेलेल्या माणसांच्या गाड्यांचं वेगळंच. सहा-आठ महिने गाडी शेडमध्ये, मध्ये अख्खा पावसाळा. जे सिलिंडर व्हॉल्व्ह उघडा असताना थांबलेलं असतं त्यात दमट हवा शिरते, सीटवर गंजाचा पातळ थर चढतो, रिंगा खाचेत चिकटतात. तारवटी सुट्टीवर येतो, गाडी थरथरते, आकडा येतो ९०, आणि सुट्टी संपायच्या आत इंजिन बांधून घ्यायची घाई होते. कृपा करून थांबा. प्रत्येक सिलिंडरात थोडं ऑईल सोडून रात्रभर ठेवा, ऑईल आणि फिल्टर बदला, जुनं पेट्रोल काढून टाका आणि आठवडाभर गाडी रोज चालवा, शेवटी एकदा अनमोडच्या घाटात चढवून आणा. मग पुन्हा टेस्ट घ्या. अशा गाड्यांचा आकडा बऱ्याचदा आपोआप वर येतो. नाही आला तर हवेची तपासणी आहेच.

सगळीच सिलिंडर एकसारखी खाली आली आणि अलीकडेच टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर खुणा जुळवून बघा. बेल्ट एक दात चुकला तरी हे होतं. उलट एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार जास्त आला तर तेही चांगलं लक्षण नाही. आत कार्बन साचलाय किंवा ऑईल येतंय. ऑईल खाणारं इंजिन कधी कधी झकास कम्प्रेशन दाखवतं, ते ऑईलच रिंगांना मदत करत असतं म्हणून. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक झोत येऊन नंतर थांबत असेल आणि आकडे सारखे असतील, तर व्हॉल्व्हची रबरी सील बदला. त्यासाठी पिस्टन बाहेर काढायची गरज नाही.

आणि सगळे आकडे नव्या इंजिनापेक्षा कमी, पण एकमेकांना धरून असतील, गाडी एका सेल्फला सुरू होत असेल, धूर नसेल, तर ते म्हातारं पण निरोगी इंजिन आहे. त्याला खोलू नका. आजचे आकडे, किलोमीटर, तारीख आणि गेज कोणता होता ते वहीत लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच गेजने पुन्हा घ्या. सगळे मिळून पाच-सात पीएसआयने उतरले तर ऑईलची पातळी बघत गाडी खुशाल चालवा. एकटाच उतरला, तर त्या सिलिंडरला पिस्टन वर आणून हवा सोडा.